मामंजींची बग्गी

बग्गी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर घोडा उभा राहिला होता. आजारपणातून उठल्यावर मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एका सकाळी चहा पिताना जाहीर केलं की मी आता बग्गी बांधणार. मला वाटलं, झालं, डोक्यावरही परिणाम झालेला दिसतोय. पण घोडा काही आला नाही. गल्लीतल्या वेल्डरकाकांच्या हातगाडीवरून लोखंडी नळ्या आल्या, मग भंगारात निघालेल्या एका छोट्या कारचं इंजिन गिअरबॉक्ससकट आलं, चाकं आली. मागच्या अंगणातली कपडे वाळत घालायची माझी दोरी निघाली आणि तिथे नळ्यांचा एक सांगाडा उभा राहिला. ना छप्पर, ना दारं, ना काच. दोन खुर्च्या, पाठीमागे इंजिन आणि खाली चार चाकं. असल्या गाड्या रस्त्यावर नाही, दगडधोंड्यांत चालवायच्या असतात म्हणे. तेव्हापासून आमच्या घरातल्या चादरी खुर्च्यांच्या पाठींवर वाळतात.

मामंजींची उभी हयात ट्रकच्या वर्कशॉपमध्ये गेली. तिथे त्यांना सगळे कानसेन म्हणायचे. गाडी आली की ते ड्रायव्हरला इंजिन चालू ठेवायला सांगत, मान तिरकी करून बॉनेटजवळ उभे राहत आणि डोळे मिटून ऐकत. बाकीचे मिस्त्री तोवर अर्धी गाडी खोलून बसलेले असत. हे पान्याला हात न लावता सांगत की अमुक बेअरिंग गेलंय, बाकी कशाला उगाच हलवू नका. घरातही तेच. मिक्सर असो, पंखा असो, आवाज जरा बदलला की वर्तमानपत्राच्या मागून ऐकू यायचं, "तेल मागतोय तो." माझा आवाज कधी बदलला ते मात्र या कानांना ऐकू आलं नाही, ही माझी जुनी तक्रार.

झटका आला तोही वर्कशॉपमध्येच, गाडीखालच्या खड्ड्यात उतरलेले असताना. डावी बाजू गेली. इस्पितळ झालं, घरी आणलं, हळूहळू बोलणं सुधारलं, बोटं वळायला लागली, पायात जोरही आला. व्यायाम करवून घ्यायला एक बाई यायच्या. त्यांनी एकदा आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "काकांच्या पायात ताकद आलीय, पण पायाची जाणीव आलेली नाही. ती येईल किंवा नाही येणार. चालताना पायाकडे बघत चालायचं." मामंजी तसे चालायला लागले, नजर जमिनीवर ठेवून. शेजारीपाजारी विचारायचे, काका, काही हरवलंय का? "अक्कल," असं म्हणून ते पुढे जायचे. डाव्या पायातली चप्पल वाटेत निसटायची आणि त्यांना पत्ता नसायचा. ते एका चपलेने घरी यायचे आणि मी ते आले त्या वाटेने दुसरी शोधायला निघायची. शेवटी वैतागून मी त्यांना मागे पट्टा असलेले सँडल आणले आणि त्या विषयावर पडदा टाकला.

आता यात माझं काय अडलं होतं तेही सांगते, नाहीतर मी फार सोशिक सून आहे असा कोणाचा तरी गैरसमज व्हायचा. मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करते. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट, वाफेच्या इस्त्रीखालून काढायचे आणि घड्या घालायच्या. पूर्वी माझी सकाळची पाळी असायची. मामंजींना एकटं ठेवायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावर मी संध्याकाळची मागून घेतली, कारण नवरा दुधाचा टँकर घेऊन पहाटेच निघतो तो संध्याकाळी उगवतो. तो दारातून आत, मी दारातून बाहेर. आमचा संसार उंबरठ्यावर आला होता. भाजी झाकून ठेवलीय. गोळ्या दिल्या का? गॅसवाला आला होता. एवढ्यावर बोलणं संपायचं. मी परत यायची तेव्हा तो घोरत असायचा. एखाद्या दिवसाचा थकवा असला तर झोपेने जातो. माझा जात नव्हता, तो पलंगाच्या कडेला माझी वाट बघत बसलेला असायचा आणि सकाळी माझ्याबरोबरच उठायचा.

तर वर्कशॉपचे मालक भेटायला आले होते तेव्हा उठता उठता म्हणून गेले, "काका, ज्या दिवशी तुम्ही स्वतः गाडी चालवत फाटकातून आत याल, त्या दिवशी तुमचा पाना तुमच्या हातात." मला वाटतं, ते आपलं बरं वाटावं म्हणून बोलले. मामंजींनी ते शब्दशः घेतलं. डॉक्टरांनी रस्त्यावर गाडी चालवायला बंदी घातलेली होती, पुढच्या तपासणीला बघू म्हणाले होते. पण आमच्या मागच्या फाटकातून एक कच्ची वाट निघते ती थेट बंद पडलेल्या खडीच्या खाणीत जाते. तिथे कुठला रस्ता आणि कुठली बंदी? खाणीच्या एका अंगाला मुरमाची चढण आहे, पूर्वी तिच्यावरून खडीचे डंपर वर यायचे. मामंजींचा हिशेब सरळ होता. स्वतः बांधलेली गाडी स्वतः चालवत त्या चढणीवर नेली, की डॉक्टर कुठल्या तोंडाने नाही म्हणतील? मग मालकांचं फाटक, मग पाना. आणि माझा हिशेब त्यांच्या हिशेबाला लटकलेला होता. ते कामावर गेले की मला सकाळची पाळी परत मिळणार होती. म्हणून मी कुरकुरत का होईना, त्या सांगाड्याच्या सेवेला लागले.

सेवा म्हणजे काय, तर सगळंच. मामंजी स्टुलावर बसून सांगायचे, मी पाने द्यायची, नट धरायचे, गाडीखाली पोत्यावर सरपटायचं. चालत्या गाडीचा आवाज त्यांना बाहेरून ऐकायचा असे, म्हणून अंगणात ती पुढेमागे करायला त्यांनी मलाच शिकवलं. ओरडत शिकवलं. खाणीत मात्र ते चालवायचे आणि मी डाव्या खुर्चीत. माझ्या मांडीवर एक मोठा दगड असायचा. गाडी चढणीवर मागे घसरायला लागली की मी उडी मारून तो चाकामागे ठेवायचा, हे माझं अधिकृत काम.

पहिल्याच दिवशी एक मागचं चाक खड्ड्यात गेलं, दुसरं हवेत लोंबकळलं आणि खाडकन आवाज होऊन गाडी जागच्या जागी बसली. गिअरबॉक्समधून चाकाला फिरवणारा जो शाफ्ट असतो तो आपल्या वाटीतून निखळला होता आणि ग्रीस सगळीकडे उडालं होतं, माझ्या ओढणीवरही. वेल्डरकाका म्हणाले, शाफ्टच बदलू. मामंजींनी ऐकलं नाही. मला जॅक लावून मागची बाजू हळूहळू उचलायला सांगितली आणि चाक कसकसं खाली उतरतंय ते बघत राहिले. चाक उतरत उतरत पार खाली गेलं. "शाफ्ट चांगला आहे," ते म्हणाले, "चाकालाच अडवणारं कोणी नाही. पार खाली लोंबलं की बिचारा तोकडा पडतो." नवऱ्याच्या टँकरवरचा सामान आवळायचा पट्टा घेतला, त्याची एक बाजू सांगाड्याला आणि एक चाकाच्या दांड्याला बांधली, जनावराला दावं बांधतात तशी. चाक ठराविक अंतराखाली जाईना, शाफ्ट निखळेना. त्या दिवशी ते खुशीत होते आणि मला चहा त्यांनी केला, साखरेऐवजी मीठ घालून.

मग गाडी दणके द्यायला लागली. प्रत्येक उंचवट्यावर पोट जमिनीला घासायचं आणि माझे दात वाजायचे. शॉकअप फार तिरपे बसलेत, असे झोपलेले शॉकअप काय भार घेणार, असं म्हणून मामंजींनी वेल्डरकाकांना शॉकअप ज्यांत अडकवतात ते सांगाड्यावरचे लोखंडी कान कापून नव्याने जोडायला लावले. वेल्डरकाका म्हणजे मामंजींचे शाळेपासूनचे दोस्त, दोन घरं पलीकडे राहतात, खोकतात आणि प्रत्येक कामाला आधी नाही म्हणतात. "तुझ्या या भुताटकीला किती ठिगळं लावू?" असं विचारत त्यांनी सगळे कान कापले आणि सगळे जोडले. तरी गाडी डावीकडे झुकायची. "डावीकडे बसतं कोण?" मामंजींनी गंभीर चेहऱ्याने विचारलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मग डावी स्प्रिंग दुसऱ्याच गाडीची निघाली, बोटभर आखूड. ती बदलल्यावर गाडी सरळ उभी राहिली, पण सॉरी वगैरे म्हणायची पद्धत आमच्या घरात नाही.

इतकं सगळं निस्तरल्यावर आम्ही चढणीला लागलो आणि तिथे खरं दुखणं निघालं.

अर्ध्या चढणीपर्यंत गाडी छान जायची. मग इंजिन गर्जना करायला लागायचं आणि चाकं मात्र ढिम्म. पाठीमागून जळकट वास यायचा. क्लच घसरत होता. मी दगड घेऊन उडी मारायची, गाडी थोपवायची, मग आम्ही उलटे उलटे खाली यायचो. घरी आणून इंजिन साखळीने उचललं, गिअरबॉक्स वेगळा केला, नटबोल्ट माझ्या कणकेच्या परातीत काढले. क्लचची प्लेट जळून काळीठिक्कर. नवी टाकली, सगळं परत जोडलं, चढणीवर नेलं. तीही जळली. पुन्हा साखळी, पुन्हा परात. त्या परातीत मी नंतर कणीक मळलेली नाही, घासून घासून हात दुखले तरी वास जात नाही.

तिसऱ्यांदा खोललं तेव्हा मामंजींनी आतलं बेअरिंग हातात घेतलं आणि उजेडाकडे धरून बराच वेळ बघितलं. ते तापून निळं पडलं होतं. "हे सतत फिरत राहिलंय," ते म्हणाले. "क्लच दाबतो तेवढ्यापुरतं याचं काम. म्हणजे काहीतरी आहे जे क्लचला सारखं थोडंसं दाबून धरतंय. पुरता सुटू देत नाही."

"काय धरतंय?" मी विचारलं.

"तेच शोधायचं."

आणि ते शोधत सुटले. केबल ताठ राहते म्हणून केबल बदलली. नवी केबल वळणावर अडकते म्हणून तिची वाट बदलली. पेडल वर यायला आळस करतं म्हणून वेल्डरकाकांनी त्याला दणकट स्प्रिंग लावून दिली. प्रत्येक वेळी तर्क बिनचूक, प्रत्येक वेळी काम चोख आणि प्रत्येक वेळी चढणीच्या मध्यावर तोच वास. मामंजी चिडचिडे झाले. जेवताना मध्येच थांबून भिंतीकडे बघायचे. डॉक्टरांची तपासणी जवळ येत चालली होती. मी धुलाईखान्यात उभ्या उभ्या डुलक्या घ्यायला लागले आणि एकदा तर डॉक्टरांच्या कोटाच्या जागी स्वतःचीच ओढणी इस्त्रीखाली घातली.

पुढच्या खेपेला चढणीवर माझ्या मांडीवरचा दगड घसरून खाली पायांपाशी पडला. तो उचलायला मी वाकले. दगड मामंजींच्या बाजूला घरंगळला होता, म्हणून मान आणखी तिकडे वळवली, आणि मला त्यांचा डावा पाय दिसला. मी आणलेला, मागे पट्टा असलेला तो सँडल. तो क्लचच्या पेडलवर होता. गिअर टाकून झाला होता, गाडी चढत होती आणि पाय आपला निवांत तिथेच, पूर्ण भार टाकून. पेडल त्याच्याखाली थोडं दबलेलं होतं. चालताना ते पायाकडे बघत, म्हणून पाय कुठे आहे ते त्यांना कळे. गाडी चालवताना माणूस समोर बघतो.

मी वर बघितलं. त्यांनी मान तिरकी केली होती, डोळे अर्धे मिटले होते. "ऐकतेस ना?" ते म्हणाले. "बघ, आता घसरायला लागला. नेमका इथेच काहीतरी धरतं त्याला."

मी दगड उचलला आणि उडी मारली.

संध्याकाळी दारात नवऱ्याला सांगितलं. तो पायातले बूट काढत होता, काढता काढता थांबला. मामंजींनी आयुष्यभर क्लचवर पाय ठेवून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांची सालटी काढली होती, स्वतःच्या मुलाचीही काढली होती. "सांगू नकोस," तो म्हणाला. "मग कोण सांगणार?" "डॉक्टर सांगतील ना, तपासणीत." "आणि तोवर मी प्लेटा बदलत बसू?" तो दुसरा बूट काढायला लागला. मला उशीर होत होता. मी चप्पल घातली आणि निघाले, आणि वाटेभर त्याच्याशी मनातल्या मनात भांडले, कारण प्रत्यक्ष भांडायला आमच्याकडे वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी वेल्डरकाकांकडे गेले. ते डोळ्यांवर काळा चष्मा चढवून कुठल्याशा खिडकीची जाळी जोडत होते. माझं ऐकून त्यांनी चष्मा वर सरकवला. "मला पहिल्या प्लेटलाच कळलं होतं," ते म्हणाले.

"आणि तुम्ही मूग गिळून बसलात? वर स्प्रिंग लावून दिलीत?"

"म्हटलं, स्प्रिंगने पाय वर ढकलला जाईल." ते खोकले. "अगं, तो तुझ्या घरात भिंतीकडे बघत बसला असता. जळेना का प्लेट. जळते तोवर तो सकाळी उठतो तरी." मग म्हणाले, "हाताचा क्लच करून देतो, स्कूटरला असतो तसा. पण तो का, ते त्याला तू सांग. माझी जीभ नाही रेटणार."

म्हणजे नवऱ्याची रेटत नाही, दोस्ताची रेटत नाही, उरले कोण? मी. घरात जे काम कोणालाच नको असतं ते माझ्या वाट्याला येतं, मोरीची जाळी साफ करण्यापासून. मी ठरवलं होतं की नीट, शांतपणे, चहा वगैरे देऊन सांगायचं. पण तसं व्हायचं नव्हतं. त्याच आठवड्यात आम्ही पुन्हा खाणीत गेलो, पुन्हा अर्ध्यावर अडकलो, खाली आलो, आणि मामंजी स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाले, "काल केबलचा नट तू धरला होतास. सैल धरला असणार. तुझं लक्षच नसतं."

माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं. "नट सैल नव्हता," मी म्हणाले. "केबल चांगली आहे, प्लेट चांगली आहे, बेअरिंग चांगलं होतं. तुमचा पाय आहे तिथे. तुम्ही पाय काढतच नाही. आत्तासुद्धा पेडलवरच आहे, बघा."

त्यांनी खाली बघितलं. इंजिन चालूच होतं. त्यांनी किल्ली फिरवून ते बंद केलं आणि खाण एकदम शांत झाली. मला वाटलं, आता चिडतील, निदान चिडू देत. पण त्यांचा चेहरा चिडल्यासारखा नव्हता. गाडी ऐकताना असायचा तसा होता.

"मी डोळे मिटतो," ते म्हणाले. "तू माझा पाय उचलून खाली ठेव, नाहीतर पेडलवर ठेव. तुला वाटेल तसं. मी सांगतो कुठे आहे."

"राहू द्या ना."

"अंदाजाने काम नाही करायचं. ठेव."

मी गाडीतून उतरून त्यांच्या बाजूला गेले आणि गुडघ्यांवर बसले. पाय दोन्ही हातांनी उचलला. जड होता. अलगद पेडलच्या बाजूला खाली ठेवला. "पेडलवर," ते म्हणाले. मी तो तसाच राहू दिला. "खाली," ते म्हणाले. मग मी तो पेडलवर ठेवला. "खाली," ते म्हणाले. पुन्हा उचलून पेडलवरच ठेवला आणि वरून दाबला. ते वाट बघत होते, मग म्हणाले, "अजून उचललाच नाहीस ना?"

"उचललाय."

"कुठे आहे?"

"पेडलवर."

त्यांनी डोळे उघडून खात्री करून घेतली. मला तोंड वर करवेना. मी तशीच सँडलचा पट्टा नीट करत बसले, त्याची काही गरज नसताना.

"वेल्डरकाका म्हणतात हाताचा क्लच बसवू," मी म्हणाले. "स्कूटरसारखा. तासाभराचं काम आहे."

"बसेल. गाडीला बसेल." त्यांनी पायावर हात ठेवला, दुसऱ्या कोणाच्या तरी पायावर ठेवावा तसा. "पण वर्कशॉपमध्ये दिवसभर खड्ड्याच्या काठावर उभं राहायचं असतं. वर ट्रक, खाली माणूस. हातात जड सामान असतं, तेव्हा पायाकडे बघता येत नाही. असल्या माणसाला मीच उभं राहू दिलं नसतं." मग म्हणाले, "मला वाटलं होतं मी बरा झालो."

मी म्हणाले, घरी जाऊ. ते नको म्हणाले. हळूच गाडीतून उतरले, सांगाड्याच्या नळ्यांना धरत धरत पुढून वळसा घातला आणि डाव्या खुर्चीत येऊन बसले. "तू घे," ते म्हणाले. "वर चढव."

"मी? मला अंगणात पुढेमागे करता येते तेवढीच."

"तेवढंच करायचं. पुढे." आणि मी हलत नाही असं बघून, "अगं, गाडीवर आळ आहे. पट्टा लावलाय, शॉकअप उभे केलेत, सगळं माझ्या हाताने झालंय. एक तरी प्लेट शाबूत वर गेली पाहिजे. नाहीतर मला कसं कळणार की दोष दुसरा कुठला नाहीच?"

दगड त्यांनी मागितला आणि स्वतःच्या मांडीवर घेतला. तो घेऊन ते उडी मारणार कशी, हे त्यांनीही विचारलं नाही आणि मीही नाही. मी क्लच दाबला, गिअर टाकला, हळूहळू सोडला. "पुरता काढ पाय. बाजूला ठेव," ते म्हणाले. मी काढला. गाडी चढणीला लागली. खालचा मुरूम सरकत होता, एक चाक मध्येच हवेत गेलं आणि पट्ट्याने ते धरलं, मग परत टेकलं. अर्ध्यावर, जिथे नेहमी इंजिन बोंबलायला लागायचं तिथे, मी कान टवकारले. काही झालं नाही. गाडी चढतच राहिली, एका लयीत, कुरकुर न करता, आणि आम्ही वर आलो. वर सपाट जागा आहे, थोडं गवत आहे, आमच्या घराचं छप्पर दिसतं. मी ब्रेक लावला.

मामंजी मागे वळून इंजिनाकडे वाकले. वास घेतला. "जळल्याचा वास येतोय तुला?"

"नाही."

"मलाही नाही." त्यांनी मान तिरकी करून इंजिन ऐकलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो आनंद आला जो मी शाफ्टच्या वेळी बघितला होता. "गाडी बरोबर आहे," ते म्हणाले. "एकदम बरोबर आहे." आणि मग तो आनंद तिथल्या तिथे विझत गेला, कारण गाडी बरोबर आहे म्हणजे काय ते त्यांनाही ऐकू आलं.

मला रडू आलं. त्यांच्यासाठी आलं आणि माझ्या सकाळच्या पाळीसाठीही आलं, त्यातलं एक खोटं आणि एक खरं असं काही करता येणार नाही. मी इतकी दमले होते की ओढणी तोंडाला लावायचीही शुद्ध राहिली नाही. मामंजींनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "इथे फोन लागतो का? मालकांना लाव."

"आजच कशाला? तपासणी होऊ दे."

"लाव."

मी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडून मालकांचा आवाज येत होता, काय काका, केव्हा येताय, फाटक उघडंच आहे, असं काहीतरी. मामंजींनी ते पुरतं होऊ दिलं.

"मालक, माझ्या जागी दुसरा माणूस घ्या," ते म्हणाले. "नाही, तब्येत चांगली आहे. जेवतो, झोपतो. डाव्या पायाची खबर लागत नाही मला, एवढंच." पलीकडे मालक समजूत घालत असावेत, बराच वेळ घालत होते. मामंजी ऐकत होते आणि मान हलवत होते. "नाही हो, डॉक्टरांनी नाही सांगितलं," ते म्हणाले. "त्यांच्याकडे अजून गेलोच नाही. मीच तपासलं."

फोन त्यांनी मला परत दिला. मग ते म्हणाले, उतरताना नुसत्या ब्रेकवर उतरू नकोस, गिअरमध्येच ठेव.